कॅसिनोच्या दराने विकलेली कारखान्याची जमीन

बंद पडलेला रासायनिक कारखाना, मागे खाडी किंवा नदी, आणि "इथे कॅसिनो रिसॉर्ट येतंय, आत्ता घेतलंत तर तीन वर्षांत पाचपट" ही थाप. कोकणात जागा बघणाऱ्याला ती एका प्रकारे ऐकवतात, गोव्यात दुसरे घर शोधणाऱ्याला दुसऱ्या, आणि ग्रीन कार्डच्या रांगेत कंटाळलेल्या आपल्या माणसाला तिसऱ्या. पैसे मात्र एकाच ठिकाणी बुडतात. जुगाराचा परवाना कुणाच्याही हातात नसताना जमिनीला परवान्याचा भाव मोजला जातो. हे समजून घ्यायला अमेरिकेत बॉस्टनला लागून असलेल्या एव्हरेट गावचे प्रकरण बघावे. तिथे कॅसिनो खरोखर उभा राहिला, जोरात चालतो, आणि तरीही जमिनीच्या व्यवहारातली माणसे कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिली.

मिस्टिक नदीकाठची ही सुमारे 33 एकर जागा. तिथे पिढ्यान्पिढ्या रसायने बनली, शेवटचा मोठा उत्पादक मोन्सॅन्टो. जमिनीत आर्सेनिक आणि शिसे मुरलेले. 2009 मध्ये काही भागीदारांच्या कंपनीने ती अंदाजे 80 लाख डॉलरला घेतली. 2011 च्या शेवटी मॅसॅच्युसेट्स राज्याने कॅसिनोचा कायदा केला आणि 2012 च्या अखेरीस लास व्हेगासच्या विन रिसॉर्ट्सने हीच जागा 7.5 कोटी डॉलरला घेण्याचा हक्क लिहून घेतला. मातीत तसूभर फरक पडला नव्हता. भाव चढला तो कॅसिनोच्या शक्यतेमुळे.

पुढे राज्याच्या जुगार आयोगाच्या तपासात प्रश्न निघाला: विकणाऱ्या कंपनीत गुन्हेगारी पार्श्वभूमीचा एखादा छुपा हिस्सेदार आहे का? परवान्याच्या व्यवहारात हे नाजूक दुखणे असते, कारण कॅसिनोपोटी चढलेला पैसा अशा माणसाच्या खिशात जाणे आयोगाला चालत नाही. तोडगा असा निघाला की कॅसिनो सोडून इतर वापराला जी किंमत येईल तेवढीच द्यायची. 7.5 कोटींचे 3.5 कोटी झाले. एका मूल्यांकनाने 4 कोटी डॉलर उडाले! "कॅसिनो येणार" या दोन शब्दांची त्या जागेवरची किंमत तेवढी होती, आणि ती कागदावर वेगळी काढता येते हेही त्यातून दिसले. आपल्याकडे कुणी असा भाव सांगितला तर हाच प्रश्न विचारावा: कॅसिनो वगळून या सर्व्हे नंबरचा भाव किती? रेडी रेकनर (सरकारी दरपत्रक) आणि शेजारच्या गटांची मागच्या दोन-तीन वर्षांतली इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा) काढली की उत्तर मिळते. विकणारा हे उत्तर कधीच देत नाही.

2014 मध्ये विकणाऱ्यांवर फेडरल आरोपपत्र आले. हिस्सा हस्तांतरित केल्याचा कागद मागची तारीख टाकून बनवला, असा त्यात आरोप होता. 2016 मध्ये ज्युरीने सगळ्यांना निर्दोष सोडले. कॅसिनो कंपनीला फसवले गेले हे सिद्ध झाले नाही. म्हणजे संशयापोटी भाव निम्म्याहून खाली आला तो आलाच, आणि खटल्यातून कुणाला छदामही मिळाला नाही.

खरा धडा त्यातल्या एका भागीदाराच्या वाट्याला आला. त्याचा हिस्सा 46 टक्क्यांहून जास्त. आम्हीच या जागेचे एकमेव मालक आहोत, असे शपथेवरचे प्रमाणपत्र आयोगाला सगळ्या भागीदारांकडून हवे होते आणि हा सही करायला तयार नव्हता. त्याचे म्हणणे असे की कॅसिनो कंपनीच्या माणसाने भेटून शब्द दिला, "तू सही कर, भाव कमी झाल्याने तुझे जे गेले ते आम्ही भरून देऊ." 4 कोटींतला त्याचा वाटा म्हणजे जवळपास 1 कोटी 87 लाख डॉलर. त्याने सही केली. पैसे आले नाहीत. तो कोर्टात गेला आणि 2023 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा करार झाला असे धरले तरी तो अंमलात आणता येणार नाही, कारण तो आयोगापासून लपवून केलेला आणि सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध ठरतो. शब्द दिला होता की नव्हता, या वादात शिरायची कोर्टाला गरजच उरली नाही.

हे वाचून ज्यांना "वरचे पैसे रोखीने, कागदावर कमी दाखवू" हे वाक्य आठवले, त्यांना बरोबर आठवले. आपला करार कायदाही बेकायदा उद्देशाच्या कराराला उभे करत नाही. व्यवहाराचा जो भाग अधिकाऱ्यापासून दडवला, तो कोर्टातही दडलेलाच राहतो, आणि दडवायला सांगणाऱ्याला हे आधीपासून ठाऊक असते.

परवाना मिळाल्यावरही पडदा पडला नाही. कॅसिनो कंपनीच्या संस्थापकावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झाले. त्याने ते नाकारले, पण 2018 मध्ये पद सोडले. या आरोपांची माहिती वरिष्ठांना असूनही ती आयोगाला दिली नाही, म्हणून 2019 मध्ये कंपनीला 3.5 कोटी डॉलर दंड झाला. परवाना राहिला, दारावरचे नाव तेवढे बदलले.

आता काळ आणि खर्च, कारण माहितीपत्रक इथेच उघडे पडते. एव्हरेटमध्ये 2013 च्या जूनमध्ये गावाचे मतदान, 2014 च्या सप्टेंबरमध्ये परवाना, त्याची फी 8.5 कोटी डॉलर, मग मातीची सफाई, 2016 मध्ये बांधकाम, आणि 23 जून 2019 ला दार उघडले. एकूण खर्च सुमारे 260 कोटी डॉलर. मधल्या काळात नदीकाठच्या भरतीरेषेच्या परवान्यावर शेजारच्या सॉमरव्हिल शहराने हरकत घेतली आणि काम काही महिने अडले. जागेला मोठ्या रस्त्यावरून धड वाट नव्हती. ती मिळवायला सार्वजनिक वाहतूक प्राधिकरणाची पावणेदोन एकर जागा 60 लाख डॉलरला घ्यावी लागली, आणि पर्यावरण परीक्षणाआधीच हा व्यवहार उरकल्याबद्दल राज्याच्या पर्यावरण सचिवांनी कान उपटले. एवढे भांडवल, एवढे वकील, तरी पहिल्या करारापासून साडेसहा वर्षे. "दोन वर्षांत पझेशन" म्हणणारा खोटे बोलतोय हे ठरवायला आणखी पुरावा कशाला हवा?

सफाईबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण या खात्यात आपल्याकडे बहुतेक वेळा शून्य लिहिलेले असते. जुन्या कारखान्याच्या जागेत वरचा भराव बहुधा बाहेरून आणलेला असतो. विष असते ते जुन्या टाक्यांखाली, सांडपाण्याच्या नाल्याच्या रेषेत आणि काठच्या गाळात. म्हणून वरच्या फूटभर मातीचा "नमुना चांगला आला" या अहवालाला अर्थ नाही. बोअर कुठे घेतले त्याचा नकाशा, प्रत्येक बोअरची खोली, भूजलाचे नमुने आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल, एवढे मागावे. नकाशावरचे बोअर जुन्या प्लांटच्या जागा सोडून मोकळ्या मैदानात घेतलेले दिसले तर समजून जावे. भारतात दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम 2025 मध्ये आले. त्यांनुसार जबाबदारी प्रदूषण करणाऱ्यावर येते, पण तो जुना मालक दिवाळखोरीत विरघळलेला असला तर तुमच्या हाती काय लागेल, हा हिशेब विकत घेण्याआधी करायचा.

महाराष्ट्राचे उत्तर सोपे आहे. राज्याने 1976 मध्ये कॅसिनोचा कायदा केला, तो कधीच लागू झाला नाही आणि 2023 मध्ये रद्द झाला. त्यामुळे रायगड, रत्नागिरी, पालघर, कुठल्याही खाडीकाठी "कॅसिनोला तत्त्वतः मंजुरी" असे पत्र कुणी दाखवले तर ते पत्र देणारे खातेच अस्तित्वात नाही. पर्यटन धोरणाखालचे एखादे नोंदणीपत्र पुढे सरकवतात. ते हॉटेलचे असते.

गोव्यात गोष्ट गुंतागुंतीची, म्हणून तिथे जास्त लोक गळाला लागतात. 1976 च्या जुगार कायद्यात 1992 मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा खेळ आला, 1996 मध्ये पाण्यातल्या जहाजावर टेबलावरचे खेळ आले. म्हणजे परवाना हॉटेलचा किंवा जहाजाचा, काठावरच्या जमिनीचा नव्हे. मांडवी-झुआरीच्या काठी खनिज भरायच्या जुन्या जेटी पडून आहेत, आणि "जेटी आमची, म्हणून कॅसिनो आमचा" असे सांगून तिथे भागीदारी विकणे सोपे जाते. खनिज चढवायची परवानगी प्रवासी जेटीला चालत नाही, त्यासाठी बंदर कप्तान खात्याकडे नव्याने जावे लागते. खुद्द मांडवीतल्या जहाजांनाही सरकार मुदतवाढीवर मुदतवाढ देत आले आहे. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) काढून कूळ, मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर असलेला रहिवासी) आणि कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) नोंद बघितल्याशिवाय टोकन देऊ नये.

महाराष्ट्रात कारखान्याच्या जमिनीचे दुखणे सातबाराच्या "इतर हक्क" रकान्यात असते. एमआयडीसीची जागा असेल तर कारखानदार फक्त भाडेपट्टेदार. महामंडळाची लेखी संमती आणि हस्तांतरणाचा प्रीमियम भरल्याशिवाय तो ती विकू शकत नाही, वापर बदलणे तर दूरच. सरकारने कंपनीसाठी संपादित करून दिलेली जमीन असेल तर विक्रीला सरकारची परवानगी लागते. शहरी भागात यूएलसीच्या (शहरी कमाल जमीन धारणा कायद्याच्या) कलम 20 खाली सूट मिळालेली जमीन असेल तर ती नोंद फेरफारात सापडते. त्याखेरीज बँकेचा बोजा: सातबारावर नसला तरी कंपनी निबंधकाकडच्या चार्जच्या नोंदीत आणि सरसाईवर (तारणांच्या केंद्रीय नोंदवहीत) असू शकतो. कंपनीचे दिवाळखोरी प्रकरण एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) दाखल करून घेतले असेल तर जुन्या संचालकाच्या सहीला किंमत शून्य, सही न्यायाधिकरणाने नेमलेल्या व्यावसायिकाची किंवा लिक्विडेटरची लागते. निदान तीस वर्षांचा सर्च घ्यावा, आणि तो विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाकडून घेऊ नये. सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) नकाशा मान्यताप्राप्त संस्थेने सर्व्हे नंबर टाकून काढलेला हवा. भरती-ओहोटीच्या खाडीकाठी 2019 च्या अधिसूचनेनुसार उच्चतम भरतीरेषेपासून 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतले कमी असेल ते अंतर नियंत्रणात येते. कांदळवन असेल तर आणखी. माहितीपत्रकातला "वॉटरफ्रंट व्हिला" नेमका याच पट्ट्यात काढलेला असतो.

सगळ्यात चलाख भाग कागदाचा. तुमच्या हाती काय पडते? पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला एमओयू. वर "कॅसिनो रिसॉर्ट युनिट", खाली "दरमहा निश्चित परतावा", तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात "गुंतवणूकदार एलएलपीमध्ये भागीदार म्हणून प्रवेश करीत आहे" (एलएलपी म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था). हे तिसरे पान फार विचार करून लिहिलेले असते. युनिट विकले म्हटले की महारेरा (राज्याचे गृहप्रकल्प नियामक) नोंदणी लागते, नोंदणीआधी जाहिरात किंवा बुकिंग करता येत नाही आणि नोंदणीकृत कराराआधी दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. परतावा देतो म्हटले की 2019 चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा लागू होतो. पण भागीदाराने घातलेले भांडवल त्या कायद्यात ठेव धरत नाहीत. म्हणून तुम्हाला भागीदार करतात. नफ्यात हिस्सा नाही, हिशेबवही बघायचा हक्क नाही, तोट्यात मात्र नाव आहे. एमओयू दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला नसल्याने तीच जागा दहा जणांना "दिली" तरी इंडेक्स टूमध्ये कुणीच दिसत नाही.

परदेशातल्यांसाठी एवढेच: ईबी-5 मध्ये (गुंतवणुकीतून ग्रीन कार्ड देणारी अमेरिकी योजना) ठरावीक भागात किमान 8 लाख डॉलर लागतात आणि ती रक्कम खऱ्या जोखमीत असली पाहिजे. "मुद्दल परत करण्याची हमी" लिहून देणारा प्रवर्तक तुमचा अर्जच धोक्यात घालतो. प्रकल्पाचा आय-956एफ अर्ज (प्रकल्पाच्या मंजुरीसाठी अमेरिकी सरकारकडे करायचा अर्ज) दाखल आहे का, मंजूर झाला आहे का, हे पैसे हलवण्याआधी बघा.

पैसे गेलेच असतील तर पहिले काम म्हणजे "तडजोडीचा नवा एमओयू" सही न करणे. त्यात जुने दावे सोडल्याचे कलम असते आणि हातात पुढच्या तारखेचे चेक पडतात. एमओयू, पावत्या, बँकेचे उतारे, व्हॉट्सॲपवरचे संदेश (फोन न बदलता, मूळ स्वरूपात) आणि माहितीपत्रक जपा. महाराष्ट्रात ठेवीदार हितसंरक्षण कायदा, म्हणजे एमपीआयडी, इथे कामाचा आहे. आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार गेली आणि तो लागू झाला तर प्रवर्तकाची मालमत्ता जप्त होऊ शकते. एकेकट्याने जाण्यापेक्षा गुंतवणूकदारांनी एकत्र यादी करावी: नाव, रक्कम, तारीख, कोणत्या खात्यात भरली. रोख दिलेली रक्कमही लिहा, पुरावा नसला तरी. आणि तक्रारीत सुरुवातीलाच प्रवर्तकाच्या व त्याच्या नातेवाइकांच्या नावावरच्या जमिनींचे सातबारे जोडा, कारण जप्तीला उशीर झाला की पहिली विक्री तिथे होते.