१९८१ ची ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ : सांगलीत काही महिने खेळल्यावर

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने एक पात्र (कॅरेक्टर) घेऊन खेळायचा साहसकथेचा खेळ. आमचा गट तो शिकला तो थेट २०१४ च्या पाचव्या आवृत्तीवर. गेले काही महिने मात्र शनिवारी रात्री विश्रामबागेत जमतो ते १९८१ ची ‘बेसिक’ आवृत्ती खेळायला. टॉम मोल्डवेने संपादित केलेली ही ६४ पानांची पुस्तिका. तिच्यात कॅरेक्टरच्या पहिल्या तीन लेव्हल (पायऱ्या) आहेत. त्यापुढचं त्याच वर्षीच्या ‘एक्सपर्ट’ पुस्तिकेत. ‘जुनं ते सोनं’वाल्यांपैकी मी नाही. डीएम (डंजन मास्टर), म्हणजे खेळ चालवणारा, मीच असतो, तयारीला वेळ मिळत नाही आणि नवीन आवृत्तीचं प्लेअर्स हँडबुक एकटंच ३०० पानांच्या वर जातं, म्हणून इकडे वळलो. आता लगेच परत जावंसं वाटत नाही. चोराच्या नियमांवर मात्र अजून राग आहे, त्याबद्दल खाली.

कॅरेक्टर दहा मिनिटांत तयार होतं. ताकद, बुद्धी वगैरे सहा गुण, प्रत्येकासाठी तीन फासे, आणि पडतील तसे ओळीने लिहायचे. ताकद ६ आली तर ६. वर्ग, म्हणजे कॅरेक्टरचे पेशे, सातच: फायटर (लढवय्या), क्लेरिक (पुजारी), मॅजिक-यूजर (जादूगार), थीफ (चोर), आणि ड्वार्फ, एल्फ, हाफलिंग या कल्पित जमाती हेही वर्गच. एल्फ म्हणजे एल्फ, ‘एल्फ क्लेरिक’ वगैरे भानगड नाही. हे सोपं ठेवलंय ते बरंच आहे, कारण माणसं पटापट मरतात. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसतो त्याचा आकडा, शून्य झाला की खेळ खलास. पाचव्या आवृत्तीत त्यानंतरही जीव वाचवायचे फासे टाकता येतात. आमचा एक बँकवाला मित्र पहिल्या मरणानंतर हातात फासा धरून तसाच बसला होता. ‘आता काय टाकू?’ म्हणाला. मी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला.

खरा फरक कुठे आहे ते आमच्या हळदीच्या पेवावरून सांगतो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, हे इथल्या लोकांना सांगायला नको. २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली. मी नकाशा काढला तो तसल्याच पेवांचा, फक्त खालून एकमेकांना जोडलेली आणि आत गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस. नव्या आवृत्तीत पर्सेप्शन म्हणजे आजूबाजूचं टिपायची नजर, तिचा आकडा कागदावर असतो. मी म्हटलं असतं, ‘पर्सेप्शनचा फासा टाका.’ मग कुणीतरी १७ सांगितले असते आणि मी धोका कुठे आहे ते वाचून दाखवलं असतं. इथे पर्सेप्शन नावाची गोष्टच नाही. कागदावर बघून उत्तर मिळत नाही म्हटल्यावर सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या आतेबहिणीच्या सासरी पूर्वी पेव होतं. ती म्हणाली, ‘दादा, तोंड उघडून किती वेळ झाला?’

‘आत्ताच उघडलंय.’

‘मग कुणी उतरायचं नाही. आधी कंदील दोरीला बांधून खाली सोडा.’

कंदील निम्म्यात विझला. बंद पेवातली हवा माणूस मारते हे तिला सासरच्यांकडून माहीत होतं, तिच्या फायटरची बुद्धी किती होती याच्याशी त्याचा संबंध नव्हता. एकही फासा न टाकता सगळी पार्टी वाचली. याचा तोटाही आहे: शांत स्वभावाचा किंवा नवखा खेळाडू असेल तर तो गप्पच राहतो, त्याच्या मदतीला आकडा नाही. डीएमनेच त्याला विचारत राहावं लागतं.

दुसरी गोष्ट सोन्याची. एक सोन्याचं नाणं सुरक्षित बाहेर आणलं की एक अनुभवगुण, आणि गॉब्लिन मारला तर फक्त पाच. फायटरला दुसऱ्या लेव्हलला २००० लागतात. हिशेब कुणालाही कळतो: मारामारी परवडत नाही. त्यात समोरच्यांची वृत्ती दोन फाशांवर ठरते, म्हणजे गॉब्लिन दिसला की लढलाच असं नाही. आमच्या पोरांनी गॉब्लिनांशी चक्क सौदा केला आणि हळदीची पोती उचलली. मग वजनाचा नियम आला. इथे वजन नाण्यांत मोजतात, दहा नाणी म्हणजे एक पौंड. पन्नास किलोचं पोतं साधारण ११०० नाणी. ते पाठीवर घेतलं की दहा मिनिटांच्या एका टर्नमध्ये १२० फूट चालणारा माणूस ३० फुटांवर येतो. मशाल सहा टर्न जळते, आणि दर दोन टर्नला मी भटक्या राक्षसांसाठी फासा टाकतो. शेवटच्या मशालीला ‘पोतं टाक की रे!’ आणि ‘टाकू नको!’ असा जो गोंधळ झाला, तो खालच्या मजल्यावरच्या काकांनी वर येऊन थांबवला.

आता चोर. पहिल्या लेव्हलला कुलूप उघडायची शक्यता १५ टक्के, सापळा सापडायची १०. त्यात हिट पॉइंटचा फासा चार बाजूंचा. याला चोर कशाला म्हणायचं? आम्ही ठरवलंय की सापळा कसा शोधतोय ते नीट सांगितलं तर फासा लागत नाही, टक्केवारी फक्त घाईत. मॅजिक-यूजरकडे एकच मंत्र, तो वापरला की उरलेली रात्र तो भडंग खातो. क्लेरिकला तर पहिल्या लेव्हलला मंत्रच नाही. चिलखताचा आकडा जितका कमी तितका चांगला, ही उलटी गिनती अजून कुणाच्या अंगवळणी पडलेली नाही. नकाशा खेळाडूंनी काढायचा असतो, त्याचं काम दर वेळी एकाच्याच गळ्यात पडतं आणि त्याच्या आलेख-वहीवर तेलाचे डाग.

घ्यायचं असेल तर: मूळ पुस्तिका पीडीएफ स्वरूपात विकत मिळतात, पण नियम शोधताना पानं फार उलटावी लागतात. गेव्हिन नॉर्मनची ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ म्हणजे तेच नियम, नीट मांडलेले, आणि तिचे मूलभूत नियम फुकट आहेत. आम्ही टेबलावर तीच ठेवतो, झेरॉक्स काढून स्पायरल केलेली. मोल्डवेची मूळ पुस्तिका डीएमने एकदा वाचावीच. डंजन, म्हणजे खेळातलं भुयार, कसं रचायचं हे तिच्याइतकं थोडक्यात मला दुसरीकडे मिळालं नाही. ज्यांना आपल्या कॅरेक्टरची मोठी कहाणी आधीच लिहून आणायची हौस आहे, त्यांनी पाचवीच खेळावी. इथे ती कहाणी दुसऱ्या खोलीत संपते.

दोघं तिसऱ्या लेव्हलच्या शेवटाला आलेत. चौथी लागली की एक्सपर्ट उघडायची आणि पेवांतून बाहेर पडून कृष्णा-वारणेच्या संगमापासून षटकोनी चौकटींचा रानातला नकाशा सुरू करायचा, असं ठरलंय. तो कोण काढणार यावर वाद चालू आहे.