परदेशी पार्सलचा एचएस कोड: स्वतः शोधायचा, टूलवर सोडायचा की सीएचएला विचारायचा?

कातडी तळाची कोल्हापुरी अमेरिकेला पाठवली तर तिचा एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या दरपत्रकातला मालाच्या प्रकाराचा क्रमांक, ६४०३.२०. तीच चप्पल घसरू नये म्हणून कारागिराकडून खाली पूर्ण रबरी तळ लावून घेतला की ती ६४०३.९९ मध्ये जाते. पहिल्या कोडवर अमेरिकेचा मूळ दर शून्य आहे, दुसऱ्यावर मोठ्यांच्या चपलांना साधारण साडेआठ ते दहा टक्के. त्यावर वेळोवेळी लागणारे जादा शुल्क वेगळे. पट्टे रेक्झिनचे आणि तळ रबरी असेल तर चप्पल ६४०२ मध्ये, म्हणजे तिसऱ्याच घरात. आणि विकणाऱ्याच्या वेबसाइटवर तिन्हींचं वर्णन बहुधा एकच: 'हँडमेड कोल्हापुरी'.

म्हणजे निर्णय कोडचा तर आहेच, पण त्याआधी तो कोणी ठरवायचा याचा आहे. पर्याय चार: स्वतः शोधणं, मार्केटप्लेस किंवा कुरियर कंपनीचं टूल वापरणं, सीएचए म्हणजे कस्टम्स ब्रोकरला विचारणं, किंवा सरकारकडूनच आगाऊ निर्णय घेणं. माझं मत आधीच सांगतो: किती पार्सलं जातात यावरून नव्हे, तर तुमचा माल किती संदिग्ध आहे यावरून निवड करा.

एचएस ही ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची पद्धत, १९८८ पासून लागू. पहिले सहा अंक जवळजवळ सगळ्या जगात सारखे. पुढचे अंक प्रत्येक देशाचे आपापले: भारतात एकूण आठ, अमेरिकेत दहा, युरोपीय संघात आयातीसाठी दहा. इथे एक नेहमीचा घोळ होतो. वर्षाला पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना देशातल्या जीएसटी बिलावर चार अंकी एचएसएन (जीएसटीत वापरला जाणारा हाच एचएस कोड) चालतो. तोच उचलून, मागे शून्यं जोडून निर्यातीच्या इनव्हॉइसवर टाकला जातो. निर्यातीला आठ अंक लागतात, आणि हे शेवटचे अंक शून्यं जोडून मिळत नाहीत.

हे आत्ताच का मनावर घ्यायचं? ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना अमेरिकेत मिळणारी ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली. लहान पार्सलाकडे कोण बघतंय, हा हिशेब तिथे संपला. युरोपीय संघाला मालाची आगाऊ माहिती देताना सहा अंकी कोड लागतोच. त्यांनी १ जुलै २०२६ पासून, आयओएसएस (बाहेरून विकलेल्या मालाचा व्हॅट भरण्याची युरोपीय व्यवस्था) नोंदणीतून विकलेल्या १५० युरोपर्यंतच्या पार्सलांत प्रत्येक वेगळ्या कोडच्या वस्तूप्रकाराला ३ युरो ड्युटी ठरवली आहे. समई (९४०५.५०), अगरबत्ती (३३०७.४१) आणि रेशमी स्टोल (६२१४.१०) असा दिवाळीचा भेटबॉक्स केलात तर तीन प्रकार, नऊ युरो. 'सेट आहे, एकच कोड लावा' हे दरवेळी चालत नाही. सेट मानण्यासाठी आतल्या वस्तू एकाच कामासाठी एकत्र आलेल्या असाव्या लागतात, आणि 'भेट देणं' हे काम सहसा पुरत नाही.

टूल की स्वतः

टूल फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतं, वेळ वाचवतं आणि साध्या मालाला ठीक आहे. तांब्याची पाण्याची बाटली टाकली की ७४१८.१० येईल, विणीच्या सुती कापडाचा टी-शर्ट टाकला की ६१०९.१०. अशाच वस्तू विकत असाल तर फार डोकेफोड करायची गरज नाही.

अडचण अशी की तुम्ही टाइप केलं तेवढंच टूलला कळतं. 'गोल्ड तुशी' असं लिहिलंत तर ते खुशाल ७११३, म्हणजे खऱ्या दागिन्यांचा कोड सुचवेल. तुशी वन ग्रॅम सोन्याची, आत पितळ, वर मुलामा, अशी असेल तर ती ७११७.१९, नकली दागिना. उलट चांदीच्या तुशीला सोन्याचं पाणी दिलेलं असेल तर ती खरी, ७११३.११. फोटोत तिन्ही सारख्याच चमकतात. टूल चुकलं तरी डिक्लेरेशनवर नाव तुमचं असतं, टूलचं नाही. ड्युटीतला फरक, दंड आणि ग्राहकाचा संताप, तिन्ही तुमच्याच दारात.

स्वतः शोधायलाही पैसे लागत नाहीत. भारताचं दरपत्रक सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या, साइटवर आहे. अमेरिकेचं एचटीएस, ब्रिटनचं ट्रेड टॅरिफ आणि युरोपचं टॅरिक, तिन्ही ऑनलाइन खुली आहेत. त्याहून उपयोगाचे वाटतात ते जुन्या निर्णयांचे संग्रह. अमेरिकी कस्टम्सच्या क्रॉस या संग्रहात 'सँडल', 'लेदर', 'थाँग' असे शब्द टाकून बघा. तुमच्यासारख्याच मालावर अधिकाऱ्यांनी काय ठरवलं आणि का, हे वाचायला मिळतं. युरोपचा असाच संग्रह ईबीटीआय. कुठल्याही टूलच्या उत्तरापेक्षा मी या निर्णयांवर जास्त विश्वास ठेवीन, कारण त्यांत कारण दिलेलं असतं.

मात्र वाचायच्या त्या दरपत्रकातल्या प्रकरणाच्या (कोडचे पहिले दोन अंक म्हणजे प्रकरण) सुरुवातीच्या टिपा. बहुतेक जण कोडची ओळ वाचून थांबतात. चपलांच्या ६४ व्या प्रकरणाची टीप सांगते की तळाचा प्रकार जमिनीला टेकणाऱ्या भागात सर्वांत जास्त क्षेत्रफळ कशाचं आहे यावर ठरतो. म्हणून टाचेखाली रबराचा छोटा तुकडा असेल तर चप्पल कातडी तळाचीच राहते, आणि पूर्ण रबर असेल तर राहत नाही. पट्ट्यांचंही तसंच: बाहेरून दिसणारं क्षेत्रफळ मोजायचं, गोंडे आणि वेणीची सजावट धरायची नाही.

मसाल्यात हा प्रश्न आणखी रंगतो. वेगवेगळ्या मसाल्यांचं मिश्रण ०९१०.९१. पण नवव्या प्रकरणाची टीप म्हणते, मसाल्यांखेरीज इतर जिन्नस मिसळल्यामुळे मूळ मसाल्याचं स्वरूप उरलं नाही, तर माल त्या प्रकरणात बसत नाही. तो तयार चवमिश्रण ठरला तर २१०३. गोडा मसाल्यात सुकं खोबरं आणि तीळ किती, यावर वाद होऊ शकतो. मेतकूट तर मुळात डाळ-तांदळाचं, त्यामुळे 'मसाले' म्हणून सगळं एकाच कोडवर पाठवणं धोक्याचं. असा माल टूलवर सोडू नये. प्रत्येक जिन्नसाचं वजनी प्रमाण लिहून ठेवा. नंतर कोणीही कोड ठरवला तरी तो आधी हेच मागणार. (खाद्यपदार्थांना कोडपलीकडचे नियम आहेत, तो वेगळा विषय.)

सीएचए कधी

सीएचएची खरी ताकद भारतीय बाजूला आहे: शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्स अर्ज), आठ अंकी कोड, त्यावर मिळणारा रोडटेप किंवा ड्रॉबॅक (निर्यातदाराला कर-शुल्क परत देणाऱ्या योजना), आणि बंदरावर कोणता प्रश्न विचारला जातो याची जाण. कंटेनर किंवा मोठी खेप पाठवणाऱ्याने हे पैसे वाचवू नयेत. सुटी पार्सलं सीएसबी-पाचवर (कुरियर निर्यातीचं शिपिंग बिल) कुरियरने जाणार असतील तर कागद कुरियरच भरतो. मग स्वतंत्र सीएचए दर पार्सलाला परवडत नाही, एकदाच सगळी यादी तपासून घेण्यापुरता परवडतो.

त्याला एक प्रश्न मात्र विचाराच: समोरच्या देशाचे दहा अंक तुम्ही ठरवणार का? अनेकदा उत्तर नाही असतं. मग तिथल्या आयातदाराचा ब्रोकर ते ठरवतो आणि तुमचा कोड नुसता सूचना म्हणून उरतो. पैठणी बघा. भारतीय दरपत्रकात रेशमी साडी ५००७ मध्ये, कापड म्हणून. शिवलेली नऊवारी मात्र कपडा, ६२ व्या प्रकरणात. मधली अवस्था गंमतशीर आहे: कापड विभागाच्या टिपेत काठ दुमडून शिवलेला किंवा टोकाला गाठींचे गोंडे असलेला तुकडा 'तयार वस्तू' धरला जातो. फॉल-पिको केलेली, पदराला गोंडे बांधलेली साडी परक्या देशात कापड ठरेल की आणखी काही, हे तिथला माणूसच नीट सांगेल.

आगाऊ निर्णय

भारतात आगाऊ निर्णयासाठी मुंबई आणि दिल्लीत प्राधिकरण आहे, अर्जाची फी १०,००० रुपये. पण तो निर्णय भारतीय कस्टम्सला बांधतो, न्यू जर्सीतल्या अधिकाऱ्याला नाही. निर्यातदाराला उपयोग असतो तो माल जिथे जातो तिथल्या निर्णयाचा. अमेरिकेत असा अर्ज ऑनलाइन आणि फुकट करता येतो, साधारण तीस दिवसांत उत्तर येतं. युरोपीय संघाचा निर्णय तीन वर्षं आणि सगळ्या सदस्य देशांत चालतो, मात्र अर्जदाराला ईओआरआय क्रमांक (युरोपीय कस्टम्सकडची नोंदणी) लागतो. एकच डिझाइन वर्षभर शेकड्यांनी जात असेल तरच या वाटेला जा. दर सणाला नवी डिझाइन काढणाऱ्यासाठी हा खटाटोप व्यर्थ.

दहा-पंधरा प्रकारचा माल असलेल्या घरगुती विक्रेत्याला मी सांगेन: सहा अंक स्वतः शोधा, मग टूलला विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर पुढे जा. जुळली नाहीत त्या दोन-तीन वस्तूंपुरते पैसे जाणकाराला द्या. शेकडो प्रकार असतील तर टूलशिवाय भागणार नाही, पण कातडं, दागिने, मसाले आणि साड्या त्यातून वेगळ्या काढून हाताने तपासा. प्रत्येक कोडसमोर कारण, जिन्नसांचं प्रमाण आणि चपलेच्या तळाचा फोटो जोडलेली एक शीट ठेवा. एचएसची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ ला लागू होणार आहे, तेव्हा या शीटमधला प्रत्येक कोड पुन्हा तपासावा लागेल.