मिखाइलोव्हची सुरुवात कुठून: पॅनोरामा की ‘केस हिस्टरी’?

सोव्हिएत संघ कोसळल्यावर माणसांचं काय झालं हे बोरिस मिखाइलोव्हच्या छायाचित्रांतून समजून घ्यायचं, तर दोन वाटा आहेत. एकीकडे 1991ची तपकिरी ‘बाय द ग्राउंड’ आणि 1993ची निळी ‘ॲट डस्क’ ही पॅनोरामांची, म्हणजे लांबट, खूप रुंद चित्रांची जोडी, दुसरीकडे 1997–98ची रंगीत ‘केस हिस्टरी’. युक्रेनमधलं खार्किव्ह हे त्याचं गाव दोन्हीकडे आहे.

‘केस हिस्टरी’चं वजन मान्यच करायला हवं. बर्लिनमध्ये वर्षभर राहून परतल्यावर त्याला शहरात नवे श्रीमंत दिसले आणि नवे बेघरही. त्या बेघरांची चारशेहून अधिक छायाचित्रं त्याने काढली. पैसे देऊन त्यांना उभं केलं, काहींना कपडे उतरवायला सांगितलं, आणि हे त्याने लपवलं नाही. काही मांडण्या तर ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवतानाच्या जुन्या चित्रांची आठवण करून देतात.

अडचण वेगळीच आहे, आणि माझ्यापुरता निर्णय तिनेच झाला. ही मालिका सुट्या फ्रेममध्ये टिकत नाही. एकाच्या शेजारी दुसरं, नंतर तिसरं असं पाहिलं तरच ती माणसं एकमेकांसोबत जगताना दिसतात. इंटरनेटवर मात्र त्याच त्या चार-पाच सर्वांत उघड्या फ्रेम फिरतात. नजर जखमेवर अडकते, मग ‘पैसे देणं योग्य होतं का’ हा वाद सुरू होतो, आणि चित्र पाहायचं राहून जातं. वाद महत्त्वाचा आहेच, पण सुरुवातीलाच आला की तो सगळी जागा व्यापतो.

पॅनोरामाचं तसं होत नाही. ‘होरिझोंट’ या पॅनोरामा काढणाऱ्या कॅमेऱ्याची लेन्स फिरत फिरत सुमारे 120 अंश टिपते, 35 मिमी फिल्मवर साधारण 58 मिमी रुंद निगेटिव्ह मिळते. मिखाइलोव्ह तो कमरेपाशी धरायचा, त्यामुळे फुटपाथ, भिंत, पडलेला माणूस आणि बाजूने जाणारे पाय एकाच पट्टीत येतात. आजूबाजूचा समाज फ्रेमच्या आतच असतो, म्हणून एकटी फ्रेमही पुरेशी बोलते. ‘बाय द ग्राउंड’ तर भिंतीवर खाली टांगायची, म्हणजे बघणाऱ्याला वाकावं लागतं. ‘ॲट डस्क’चा निळा रंग त्याच्यासाठी युद्धाचा आणि भुकेचा, 1941मध्ये खार्किव्ह सोडताना तो जेमतेम तीन वर्षांचा होता.

असा कॅमेरा हाती घेऊन शिकणार असाल तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. तो जरा वर-खाली कलला की क्षितिज वाकतं. बोटं पुढे आली की फ्रेमच्या कडेला दिसतात. लेन्स फिरते त्याच दिशेने चालणारा माणूस ताणला जातो, उलट दिशेचा आक्रसतो. ‘बाय द ग्राउंड’मध्ये अशी वाकलेली जमीन दिसली तर दोष समजून पुढे जाऊ नका, पायाखालचा आधार सुटल्याची जाणीव तिथूनच येते.

पॅनोरामाची गैरसोयही आहे: मोबाइलवर त्याची बारीक रेघ होते. मोठा स्क्रीन किंवा पुस्तक हवं.

ज्यांना ‘केस हिस्टरी’चे माणसाएवढे मोठे प्रिंट प्रदर्शनात बघायला मिळणार असतील, त्यांनी तिथूनच सुरुवात केली तरी हरकत नाही. बाकीच्यांनी मला वाटतं आधी तपकिरी, मग निळी मालिका पाहावी, आणि ‘केस हिस्टरी’ पुस्तकातच, पानं न गाळता, क्रमाने.