तुंबलेला शोषचर: तार, कॅमेरा की कुदळ?

सेप्टिक टँकमधून निघालेलं पाणी जमिनीत मुरवणारा खडीचा चर म्हणजे शोषचर. तो किंवा तिथवर जाणारा पाइप तुंबलाय असा संशय आला, की घरच्या घरी खात्री करायला तीन वाटा असतात. आत तार सारायची, कॅमेरा सोडायचा, नाहीतर झाकणं उघडून पाण्याची पातळी बघायची आणि लागेल तिथे खणायचं. मी याच क्रमाने तिन्ही करून बसलोय. उलट क्रमाने केलं असतं, तर दोन रविवार वाचले असते.

टाकी गाळाने भरलेली नाही आणि बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तोंडाशी फिल्टर असेल तर तो धुऊन झालाय, हे गृहीत धरतो. ते झालं नसेल तर आधी तेच करा. पुढचं वाचायची कदाचित गरजच पडणार नाही.

तारेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टाकी आणि वाटणीचं चेंबर (इथून पाणी वेगवेगळ्या चरांत वाटलं जातं) यांच्यामधला बोळा काढायला ती उत्तम, पण निदानाला मुकी. तार अडली की ती मुळ्यांना अडली, कोपऱ्याला अडली की दबलेल्या पाइपला, हे हाताला कळत नाही. बरं, सरळ आत गेली म्हणून पाइप मोकळा, असंही नाही. चिखलात काठी जावी तशी ती गाळातून जाते. शिवाय चरातल्या भोकाच्या पाइपचं शेवटचं तोंड बहुधा बंद असतं. ढकललेला गाळ तिथेच जाऊन बसतो.

कॅमेऱ्यावर माझा फार भरवसा होता. लांब वायरीच्या टोकाला दिवे लावलेलं भिंग, समोर पडदा, आता सगळं दिसणारच! दिसला तो तपकिरी अंधार. तुंबलेला पाइप म्हणजे गढूळ पाण्याने भरलेला पाइप, ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. पाणी उतरल्याशिवाय दिसत नाही आणि अडथळा निघाल्याशिवाय पाणी उतरत नाही. टाकी उपसून घेतली, पाइपमधलं पाणी थोडं मागे आलं, तेव्हा काही फूट दिसलं. मग भिंगावर बुळबुळीत थर चढला. बाहेर काढा, पुसा, पुन्हा सारा. पाचव्या खेपेला मुळ्यांसारखं काहीतरी दिसलं, पण ते जमिनीखाली नेमकं कुठे? वायरीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या. वायर आत वेटोळी होते, त्यामुळे खुणेवरून खणलेला खड्डा चुकला. टोकाशी ट्रान्समीटर असलेले कॅमेरे मिळतात, त्यांची जागा वरून यंत्राने शोधता येते. माझा तसला नव्हता, आणि घरी सहसा हाती पडतो तोही तसला नसतो.

राहिली कुदळ. म्हणजे आधी झाकणं. टाकीतलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या तळाच्या कडेशी असेल, तर पुढे सगळं ठीक. घरात पाणी मागे येत असेल तर दोष घर ते टाकी या टप्प्यात आहे. पातळी त्या कडेच्या वर चढलेली असेल, तर अडथळा पुढे. मग वाटणीचं चेंबर उघडा. टाकी तुडुंब आणि चेंबर कोरडं, तर मधला पाइप गेला. चेंबरही भरलेलं, तर चरांकडे वळा. पहारीने हळूच चाचपत पाइप शोधायचा (तो साधारण दीड ते तीन फुटांवर सापडतो, जोर लावलात तर भोक पडेल) आणि चराच्या शेवटाशी खड्डा घ्यायचा. तिथली खडी कोरडी असेल, तर अडथळा अलीकडे. मग मध्यावर खणा आणि दर खेपेला अंतर निम्मं करत जा. शेवटाशीही पाणी उभं असेल, तर बहुधा पाइप निर्दोष आहे. चराच्या आतल्या मातीवरच चिकट थर बसलाय आणि ती पाणी पीत नाही. असं असेल तर तारही नको आणि कॅमेराही नको.

हे सगळं जोरदार पावसानंतर लगेच करू नका. तेव्हा जमीनच पाण्याने भरलेली असते आणि मोकळा चरही तुंबल्यासारखा दिसतो. हातमोजे हवेतच. टाकीवर वाकून डोकं आत घालू नका, आत उतरायचा तर प्रश्नच नाही. हायड्रोजन सल्फाइड फार वाढला की त्याचा वास येणंच बंद होतं आणि मिथेन ठिणगीने पेटतो. सोबत कुणीतरी असू द्या आणि झाकण क्षणभरही उघडं सोडून जाऊ नका.

कुदळ सगळ्यांच्या सोयीची नाही, हे मान्य. चरांवर फरसबंदी असेल, कंबर साथ देत नसेल किंवा चरांचा नकाशाच ठाऊक नसेल, तर ट्रान्समीटरवाला कॅमेरा घेऊन येणारा माणूस बोलावणं शहाणपणाचं. पण दोन झाकणं उघडून तासाभरात मला जेवढं कळलं, तेवढं पडद्याकडे टक लावून दोन दिवसांत कळलं नव्हतं.

माझ्या तिसऱ्या खड्ड्यात मुळ्यांचा गुंता निघाला. तो तुकडा बदलल्यावर हौसेने पुन्हा कॅमेरा सोडला. रिकाम्या, स्वच्छ पाइपचं चित्र काय सुरेख आलं!