उपनगरी रेल्वेसाठी पैसा: मतदारांकडून की व्यवसायांकडून?

उपनगरी रेल्वेचा फायदा फक्त तिकीट काढणाऱ्यालाच होतो असं नाही. स्टेशनजवळच्या जागांचे भाव वाढतात, कंपन्यांना लांबच्या गावांतून माणसं मिळतात. मग खर्च कुणी उचलायचा?

लॉस एंजेलिसने थेट मतदारांना विचारलं. तिथे अशा करवाढीला दोन तृतीयांश मतं लागत. २०१२ मध्ये आधीच्या कराची मुदत वाढवण्याचा प्रस्ताव ६६ टक्क्यांपर्यंत पोचूनही थोडक्यात पडला. २०१६ मध्ये डॉलरमागे अर्धा सेंट जादा विक्रीकराला सुमारे ७१ टक्के मतं मिळाली, कारण रस्ते, बस, छोट्या पालिकांचा हिस्सा असं प्रत्येकाच्या पदरात काही ना काही पडणार होतं. पण याची किंमतही आहे. या करातून 'मेट्रोलिंक' या उपनगरी रेल्वेसाठी ठेवला गेला जेमतेम १ टक्का! शिवाय विक्रीकराचा भार गरिबांना जास्त जाणवतो.

लंडनने 'क्रॉसरेल' या शहराच्या पोटातून उपनगरं जोडणाऱ्या नव्या रेल्वेमार्गासाठी वेगळी वाट धरली. २०१० पासून मोठ्या व्यावसायिक मालमत्तांवर जादा कर लावला, छोट्या दुकानांना वगळलं. सरकारचा आणि प्रवासभाड्याचा पैसाही होताच. मार्ग तीन वर्षांहून अधिक उशिरा, २०२२ मध्ये सुरू झाला.

मला लंडनची पद्धत जास्त न्याय्य वाटते: ज्याची कमाई वाढणार, त्याने आधी हातभार लावावा. मात्र मतदानाचा एक गुण तिच्यात नाही. मतं मागायची तर रेल्वेने काय बदलेल हे गाडीत कधीही न बसणाऱ्यालाही समजावून सांगावंच लागतं.