डोंबिवली स्थानकाबाहेरचा पावसाळी रानभाजी बाजार : एक परीक्षण

डोंबिवली पूर्वेला स्थानकाबाहेर, नेहमीच्या भाजीविक्रेत्यांची रांग संपते तिथे, मे महिन्याच्या अखेरीपासून गणपतीपर्यंत काही आदिवासी स्त्रिया गोणपाट अंथरून बसलेल्या असतात. त्यांच्यासमोर तराजू नसतो, भावाची पाटी नसते आणि बहुतेक भाज्यांची नावेही ग्राहकाला विचारूनच घ्यावी लागतात. कर्जत, नेरळ, वांगणी, मुरबाड, शहापूर या भागांतल्या ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी वाड्यांमधून पहाटेची एसटी किंवा लोकल पकडून त्या येतात आणि दुपारच्या आत परततात. आपल्याच भागात उगवलेले, निसर्गावर कमीत कमी भार टाकणारे अन्न खावे असे ज्या उपनगरी कुटुंबाला मनापासून वाटते, त्याच्यासाठी याहून चांगले दुकान आमच्या परिसरात मला आढळलेले नाही. म्हणूनच एखाद्या दुकानाचे करावे तसे या बाजाराचे परीक्षण, त्यातल्या उणिवांसकट, येथे करत आहे.

‘स्थानिक’ आणि ‘सेंद्रिय’ हे शब्द आता मॉलमधल्या प्रत्येक फळीवर वाचायला मिळतात. तिथली ब्रोकोली प्लास्टिकच्या ताटलीत, वर पातळ प्लास्टिक ताणून ठेवलेली असते आणि ती किती दिवस शीतगृहात होती, हे विक्रेत्यालाही सांगता येत नाही. याउलट कर्जतहून डोंबिवली रेल्वेने साधारण ५० किलोमीटर आहे आणि स्थानकाबाहेर मिळणारी भाजी बहुधा आदल्या दिवशी दुपारी खुडलेली असते. तिच्यासाठी कोणी जमीन नांगरलेली नसते, पंप लावून पाणी दिलेले नसते, खत घातलेले नसते. करटोलीचा वेल (आमच्याकडे तिला कंटोळी म्हणतात) जमिनीतल्या जुन्या कंदातून दर पावसाळ्यात आपोआप फुटतो. फोडशी, शेवळ यांचेही तसेच आहे. पीक घेण्याचा खर्च शून्य, वाहतूक लोकलच्या डब्यातून आणि साठवणूक मुळीच नाही, इतका छोटा प्रवास करून आलेले अन्न शहरी माणसाच्या ताटात क्वचितच पडते.

आता प्रत्यक्ष मालाविषयी. या बाजाराचे खरे वैभव म्हणजे शेवळ, आणि तो मिळण्याचा काळ फार थोडा असतो. वळवाच्या सरी पडून जमीन भिजली की सुरणाच्या कुळातल्या या वनस्पतीचा जांभळट दांडा पानांच्या आधी वर येतो आणि जूनच्या मध्यानंतर तो दिसेनासा होतो. चांगल्या जुडीतले दांडे घट्ट मिटलेले, बोटाला कडक लागणारे आणि बुडाशी ओलसर असतात. वरचे आवरण उघडून सैल झालेले असेल, तर ती जुडी घेऊ नये. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व त्यांमुळे घशाला खाज सुटते, म्हणून त्याच्याबरोबर काकड नावाची हिरवी, आंबट रानफळे शिजवतात. या बाजारातली सेवा किती जाणती आहे, हे इथेच कळते. नवखा ग्राहक शेवळाची जुडी उचलतो, तेव्हा ती बाई न सांगता काकडांची मूठ त्याच्या पिशवीत टाकते आणि वर बजावते, “काकड घातल्याबिगर शिजवू नको ताई, घसा खाजवतो.” एक दांडा हातात घेऊन बाहेरचे आवरण कसे सोलायचे आणि आतला तळाचा पिवळसर, दाणेदार भाग कसा काढून टाकायचा, तेही ती अंगठ्याच्या नखाने करून दाखवते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत या भाजीला जो मान आहे, तो सर्वांना ठाऊक आहे. ओले खोबरे आणि कोलंबी घालून केलेले शेवळ ज्याने खाल्ले आहे, त्याला जूनचा पहिला आठवडा विसरता येत नाही. शाकाहारी घरांत कोलंबीच्या जागी वालाची डाळिंबी घालावी. चवीत काही उणे राहत नाही.

पाऊस स्थिरावल्यावर फोडशी आणि टाकळा येतात. फोडशीची जुडी पाहताना तिच्या पांढऱ्या बुडख्याकडे लक्ष द्यावे. पात गवतासारखी लांब व लवचीक असेल आणि मधला दांडा अजून धरला नसेल, तर ती कोवळी समजावी. दांडा असेल तर तो काढून टाकावा लागतो आणि निम्मी जुडी वाया जाते. बुडाशी माती फार असते, त्यामुळे चिरण्यापूर्वी पात सुटी करून दोन-तीन पाण्यांतून काढणे आवश्यक आहे. मूगडाळ व भरपूर लसूण घालून ती उत्तम होते. टाकळा पावसाच्या सुरुवातीला, पाने कोवळी असतानाच घ्यावा. फणसाच्या आठळ्या आणि खोबरे घातल्यावर त्याचा किंचित उग्र वास नाहीसा होतो. भारंगी कडू आहे. तिची पाने उकळून, पाणी पिळून मगच फोडणीस टाकावी लागतात, आणि हे सांगायला विक्रेत्या सहसा विसरत नाहीत. बांबूच्या कोंबांच्या बाबतीत मात्र ग्राहकाने स्वतःच काळजी घेतली पाहिजे. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. म्हणून कोंब बारीक चिरून रात्रभर पाण्यात ठेवावेत, पाणी बदलावे आणि नंतर उकळून ते पाणीही टाकून द्यावे. कोंब चिरून, भिजवून आणलेले मिळतात तेव्हाही मी ते घरी पुन्हा उकळते.

भाव वाट्यावर किंवा जुडीवर ठरतो. पालक-मेथीच्या जुडीशी तुलना केली तर ही भाजी थोडी महाग वाटते आणि करटोली तर हंगामाच्या सुरुवातीला बरीच महाग असते. परंतु ती गोळा करण्यासाठी काट्याकुट्यांतून किती हिंडावे लागते, याची कल्पना केली म्हणजे हा भाव कमीच आहे असे माझे स्पष्ट मत आहे. मॉलमध्ये छापील किमतीपुढे मुकाट्याने कार्ड काढणारी माणसे इथे पाच रुपयांसाठी घासाघीस करतात, हे पाहवत नाही. सुट्या पैशांची अडचण पूर्वी फार होती. आता काही जणींच्या टोपलीला क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला असतो, तरी रोख रक्कम जवळ असावी.

वेष्टनाच्या बाबतीत हा बाजार कोणत्याही दुकानाच्या पुढे आहे. जुडी पळसाच्या किंवा अन्य झाडाच्या सालीच्या दोरीने बांधलेली असते, करवंदे आणि जांभळे पानाच्या द्रोणात मिळतात आणि कोवळी पाने सुकू नयेत म्हणून ती सागाच्या रुंद पानात गुंडाळलेली असतात. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ रोजी निघाली, त्याच्या कितीतरी आधीपासून या बायका हेच करत आल्या आहेत. दुःखाची गोष्ट अशी की पिशवी मागणारा ग्राहकच त्यांना पातळ पिशव्या ठेवायला लावतो. घरून कापडी पिशवी नेली आणि दोन भाज्यांमध्ये सागाचे पान ठेवायला सांगितले, तर भाजी संध्याकाळपर्यंत टवटवीत राहते आणि पान कुंडीतल्या खतात जाते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. जमिनीवर मांडलेल्या भाजीवर रस्त्यातले पाणी उडते. कोणत्या दिवशी काय मिळेल, याचा भरवसा नसतो. मुसळधार पावसात लोकल बंद पडली की बाजारच भरत नाही. याहून गंभीर गोष्ट म्हणजे, स्थानकाबाहेर बसणारा प्रत्येक विक्रेता रानातूनच भाजी आणतो असे नाही. रुळांच्या कडेला नाल्याच्या पाण्यावर वाढवलेली पालेभाजी मुंबईच्या उपनगरांत वर्षानुवर्षे विकली जाते आणि रानभाज्यांना मागणी वाढल्यापासून टाकळा, कुर्डू अशा कुठेही उगवणाऱ्या भाज्या रस्त्याच्या कडेने किंवा तणनाशक मारलेल्या बांधावरून खुडून आणण्याचे प्रकारही होऊ शकतात. म्हणून भाजी कोणत्या गावची, कुठे खुडली, हे विचारावे. जिचे गाव डोंगराला लागून आहे, ती बाई गावाचे, पाड्याचे, कधी डोंगराचेही नाव सहज सांगते. मात्र या उत्साहात सहलीला गेल्यावर स्वतः पाने खुडण्याचा मोह टाळावा. कळलावीसारखी जहाल विषारी वेल त्याच रानात, त्याच दिवसांत उगवते आणि ती ओळखण्याचे ज्ञान आपल्यापाशी नाही.

दुसरी काळजी रानाची आहे. शेवळाचा दांडा म्हणजे त्या वनस्पतीचा फुलोरा असल्यामुळे एका जागचे सगळेच दांडे खुडले, तर बी धरत नाही. पूर्वी घरापुरते आणि थोडे विकण्यापुरते काढले जाई. आता शहरातून मागणी वाढल्यावर काय होईल, हा प्रश्न माझ्यासारख्या ग्राहकालाही लागू आहे. म्हणून एका वेळी एका कुटुंबापुरते घ्यावे, शीतकपाटात साठवण्यासाठी घेऊ नये आणि एकाच भाजीच्या मागे न लागता त्या दिवशी जे आले असेल ते घ्यावे. वनहक्क कायदा, २००६ याने गौण वनोपज (म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणारे इतर उत्पन्न) गोळा करण्याचा आणि विकण्याचा अधिकार वनवासी कुटुंबांना दिला आहे. ज्यांचा रानावर हक्क आहे त्यांच्याच हातात भाजीचे पैसे गेले, तर रान टिकवण्यात त्यांचाही लाभ राहतो. मधला व्यापारी गाडी भरून माल उचलू लागला, की हे गणित बिघडते.

या बाजाराची सर्वांत मोठी उणीव ही विक्रेत्यांची चूक नाही. त्यांना बसायला हक्काची जागा नाही. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली आणि गर्दीचा विचार करता त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे. परंतु २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना आहे आणि नगर पथविक्रेता समितीने शिफारस केल्यास असा वर्षानुवर्षे भरणारा बाजार जाहीर करता येतो. वर्षातले तीन-साडेतीन महिने, सकाळी काही तास, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एखादे छप्पर आणि एक नळ एवढीच गरज आहे. कृषी विभाग अलीकडच्या वर्षांत ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव भरवतो, तो स्तुत्य आहे. मात्र एका दिवसाच्या महोत्सवाने हंगाम भागत नाही. मोठ्या गृहसंकुलांनी आपल्या आवारात आठवड्यातून एक सकाळ या स्त्रियांना जागा दिली, तर त्यांचे पोट भरेल आणि रहिवाशांनाही पावसात स्थानकापर्यंत जावे लागणार नाही. असे आवाहन मी आमच्या संकुलातही केले आहे आणि ते मान्य होईपर्यंत करत राहणार आहे.

पावसाळा सरल्यावर यांतल्या काही जणी भाताच्या कापणीला लागतात आणि बाजार विरळ होतो. हिवाळ्याच्या अखेरीस भातानंतरच्या ओलीवर पिकलेल्या वालाच्या शेंगा येतात, उन्हाळ्यात करवंदे, जांभळे, रायवळ आंबे आणि काजूची बोंडे. त्यांचा दर्जा चांगला असतो, पण त्यांविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

जाण्याची वेळ सकाळी सात ते नऊ ही उत्तम; दहानंतर उरलेली भाजी सुकू लागते. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी असते आणि त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही या प्रथेमुळे आधीच्या दोन दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसते. ऋषीच्या भाजीसाठी अळू, माठ, पडवळ, सुरण असा मिश्र वाटा तयार मिळतो, परंतु त्यातला बराचसा भाग घाऊक बाजारातून आणलेला असतो. ज्यांना प्रथा अक्षरशः पाळायची आहे, त्यांनी आठवडाभर आधी नेहमीच्या मावशींना सांगून ठेवावे. त्या परसातले अळू आणि रानातला माठ वेगळा बांधून आणतात आणि सांगितलेल्या दिवशी तो ग्राहकासाठी राखून ठेवतात.