पासथ्रूमधला जुना इंटरप्ट: चालवून घ्यायचा, बदलायचा की नाद सोडायचा?

व्हर्च्युअल मशीनला पीसीआय कार्ड थेट द्यायचं (यालाच पासथ्रू म्हणतात) ठरलं की डीएमएची, म्हणजे कार्डाने स्वतःच मेमरीत केलेल्या वाचन-लेखनाची, काळजी आयओएमएमयू हे हार्डवेअर घेतं. घोडं अडतं ते इंटरप्टपाशी, म्हणजे कार्ड प्रोसेसरला देतं त्या इशाऱ्यापाशी, आणि तेही कार्ड किंवा गेस्ट (व्हर्च्युअल मशीनमधली सिस्टिम) जुना असला तरच.

एमएसआय किंवा एमएसआय-एक्स ही इंटरप्टची नवी पद्धत चालत असेल तर फार विचार करू नका, तेच घ्या. तिथे इंटरप्ट म्हणजे ठरलेल्या पत्त्यावर केलेली एक मेमरी राइट. लाइन कुणाशी वाटून घ्यायची भानगड नाही. एमएसआयला ३२, तर एमएसआय-एक्सला २०४८ पर्यंत व्हेक्टर (वेगवेगळे इंटरप्ट) मिळतात. पोस्टेड इंटरप्टची सोय असलेल्या मशीनवर तर इंटरप्ट होस्टच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ सिस्टिमच्या) मध्यस्थीशिवाय चालू गेस्टपर्यंत पोचतो.

आयएनटीएक्सची, म्हणजे लाइनवरून येणाऱ्या जुन्या इंटरप्टची, गोष्ट वेगळी. कार्ड लाइन ओढून धरतं आणि ड्रायव्हरने काम उरकेपर्यंत सोडत नाही. पण तो ड्रायव्हर बसलाय गेस्टमध्ये, आणि या कार्डाला गप्प कसं करायचं हे होस्टला ठाऊक नाही. म्हणून होस्ट आधी इंटरप्ट दाबतो (तात्पुरता बंद करतो), गेस्टला कळवतो आणि गेस्टने ‘झालं’ म्हटल्यावर पुन्हा मोकळा करतो. प्रत्येक इंटरप्टला हा हेलपाटा आहेच. खरी निवड आहे ती दाबायचं कुठे याची.

कार्डातच दाबता आलं तर उत्तम. २००२ च्या पीसीआय २.३ पासून कमांड रजिस्टरचा १० वा बिट आयएनटीएक्स बंद करतो, आणि इंटरप्ट आपलाच आहे का ते स्टेटस रजिस्टरचा ३ रा बिट सांगतो. त्यामुळे लाइन इतर डिव्हाइसबरोबर वाटलेली असली तरी बिघडत नाही. व्हीएफआयओ (कार्ड गेस्टकडे सोपवणारा लिनक्स कर्नलचा भाग) हा बिट फिरवून बघतो आणि जमलं तर हीच वाट धरतो.

त्याहून जुन्या कार्डांसाठी होस्टच्या इंटरप्ट कंट्रोलरवर अख्खी लाइनच दाबावी लागते. चालतं कुठल्याही कार्डाला, पण लाइन त्या एकट्याची हवी. तीच लाइन डिस्क कंट्रोलरकडे असेल तर डिस्कही अडकून पडेल. म्हणून व्हीएफआयओ लाइन एकट्यासाठी मागतो आणि ती मिळाली नाही तर ‘डिव्हाइस बिझी’ म्हणून हात वर करतो. मग कार्डाचा स्लॉट बदला, नाहीतर शेजारच्या डिव्हाइसचा ड्रायव्हर काढा. काही कार्डं तो बिट असल्याचं दाखवतात, पण पाळत नाहीत. त्यांच्यासाठी ‘नोआयएनटीएक्समास्क’ हा मॉड्यूल पर्याय आहे. तो लावला की लाइन एकट्याची हवी ही अट पुन्हा आलीच.

‘झालं’ हा निरोप कोण पोचवतो यावरही वेग ठरतो. लिनक्स कर्नलमधल्या केव्हीएम या व्हर्च्युअलायझेशनच्या भागाची, इंटरप्ट आणि ‘झालं’ दोन्ही पोचवणारी सोय (रिसँपल असलेला आयआरक्यूएफडी) असेल तर काम कर्नलमध्येच उरकतं. नसेल तर क्यूईएमयू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) कार्डाच्या मेमरीचा थेट मार्ग तात्पुरता बंद करतो आणि गेस्टने तिला हात लावला की काम झालं असं धरून चालतो. युक्ती भन्नाट, पण संथ. क्यूईएमयू ४.० मध्ये क्यू३५ या मशीन-प्रकाराला स्प्लिट आयआरक्यूचिप (इंटरप्ट कंट्रोलरचा काही भाग कर्नलऐवजी क्यूईएमयूमध्ये) डीफॉल्ट केला, तेव्हा आयएनटीएक्सची ही कर्नलमधली वाट बंद झाली आणि तो निर्णय मागे घ्यावा लागला.

तेव्हा आधी होस्टवर ‘एलएसपीसीआय’ ही पीसीआय कार्डांची यादी देणारी कमांड तपशीलवार चालवून कार्डाला एमएसआय आहे का ते बघा. असूनही बंद असेल तर तो गेस्टमध्ये चालू करा: विंडोजमध्ये रजिस्ट्रीतून, लिनक्समध्ये ड्रायव्हरला तसा पर्याय असल्यास त्यातून. आधी स्नॅपशॉट घ्या, कारण काही कार्डांचा एमएसआय कागदावरच असतो. विंडोज एक्सपीला मात्र हा उपाय नाही. विंडोजमध्ये एमएसआय व्हिस्टापासून आला.

सीरियल पोर्टचं किंवा साधं साउंड कार्ड असेल तर मी आयएनटीएक्स बिनधास्त चालवून घेईन. वेगवान नेटवर्क कार्डाला तो देणार नाही. आणि कार्ड पीसीआय २.३ च्या आधीचं, लाइन वाटलेली, स्लॉटही एकच, अशी गत असेल तर त्याला व्हर्च्युअल मशीनमध्ये कोंबू नका; वेगळ्या मशीनवरच चालवा.